बाथरूममधला बगळा

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नागोरावांच्या बाथरूमच्या टिनावर धप्पकन काहीतरी पडलं आणि नागोराव दचकले. खरं सांगायचं तर दचकल्याचं त्यांना बरं वाटलं. महिनाभरात त्या घरात दचकण्यासारखं काही घडलंच नव्हतं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा, पेपर दाराच्या फटीतून सरकायचा, आणि नागोराव पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जायचे, मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत यायचे. घर खायला उठतं असं लोक म्हणतात. यांच्या घराला तेवढीही हौस नव्हती. ते आपलं पडून असायचं आणि नागोरावही पडून असायचे. सरकारी दवाखान्यात कक्षसेवक, म्हणजे सोप्या भाषेत वॉर्डबॉय, साठीला टेकला तरी बॉयच, अशी पस्तीस वर्षं काढून ते ऑगस्टअखेर रिटायर झाले होते. बायको, सत्यभामा, दीड वर्षापूर्वी गेली. एकुलती एक मुलगी दीपा पुण्यात नोकरीला. आणि आज तर ले-आउटमध्ये, म्हणजे त्यांच्या वसाहतीत, कुत्रंही दिसत नव्हतं, कारण निम्मी घरं कालच नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती आणि उरलेली निम्मी पुरणपोळीच्या मागे लागली होती. गाडीत जागा आहे, चला, असं नागोरावांनाही दोघातिघांनी म्हटलं होतं. सत्यभामा असताना ते दर साली जायचे. ती पांढरं पातळ नेसून, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन, हट्टानं बसच्या खिडकीशी बसायची आणि वर्ध्यापर्यंत एक शब्द बोलायची नाही. यंदा ‘गुडघा दुखून राह्यला’ म्हणून त्यांनी टाळलं. गुडघ्याला काही धाड भरली नव्हती. त्या खिडकीशी दुसरं कुणी बसलेलं पाहवलं नसतं, एवढंच.

ते मागच्या दारातून बाहेर आले तेव्हा टिनावरून घरंगळलेला तो पक्षी न्हाणीच्या पाण्याच्या नालीशेजारी पडला होता. बगळा. नागोरावांना पहिल्यांदा हसू आलं आणि थोडी निराशाही झाली. पोपट असता तर चार लोकांना सांगता आलं असतं, नीलकंठ असता तर आजच्या दिवशी गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या असत्या. बगळ्याला कोण विचारतं? ढोरांच्या मागं फिरणारा, चिखलात पाय घालणारा, ज्याचं नाव माणसं फक्त ढोंग्याला शिवी द्यायला वापरतात. पण जवळ गेल्यावर हसू गेलं. उजवा पंख टिनाच्या धारेला कापला होता आणि पांढऱ्यावर लाल चांगलंच पसरलं होतं. ते काही विशेष नव्हतं. रक्ताला नागोराव घाबरणाऱ्यातले नव्हते. ते थबकले ते थरथरीमुळे. बगळ्याचं सगळं अंग आतून कापत होतं, पायाची बोटं मुठीसारखी वळली होती, चोचीच्या टोकाला लाळेची तार लोंबत होती. त्यांनी उकिडवं बसून त्याच्या पिवळ्या डोळ्यात पाहिलं. बाहुली सुईच्या टोकाएवढी. ऑगस्टात फवाऱ्याचे रोगी वॉर्डात यायचे तेव्हा डॉक्टर टॉर्च मारून डोळे पाहायचे आणि इंग्रजीत काहीतरी बोलायचे, पण पंधरा-वीस दिवसांत नागोरावांना टॉर्चची गरज उरली नव्हती. कंपाउंडच्या पलीकडं मारोतरावांची दोन एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती, यंदा माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. मारोतराव म्हणजे शेजारचेच, घर ले-आउटमध्ये अन् शेत घरामागं. काल दिवस बुडेपर्यंत त्यांचा फवारा चालला होता. आज तोच पंप त्यांच्या अंगणात हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पाटावर बसवलेला नागोरावांनी सकाळी गच्चीवरून पाहिला होता. दसऱ्याला अवजारांची पूजा, त्याला कोण काय म्हणणार. पंप पाटावर होता आणि फवाऱ्यात मेलेले किडे खायला बगळे शेतात उतरले होते.

सत्यभामेचं एक जुनं पातळ पेटीतून काढून त्यांनी ते बगळ्यावर टाकलं. सोपं वाटलं होतं, पण त्या एवढ्याशा जीवानं पातळातूनही त्यांच्या मनगटावर अशी चोच हाणली की नागोराव म्हणाले, “बाप्पा! मरून राह्यला अन् रग तं पाहा.” कितीतरी दिवसांनी घरात मोठ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि आपला आवाज एवढा घोगरा झालाय हे त्यांना तेव्हा कळलं. त्याला उचलून ते बाथरूममध्ये आले. तिथं थंडावा होता, एकच छोटा झरोका, अंधुक उजेड. एका खोक्यात गॉजपट्टीचे रोल होते, दवाखान्यातून निघताना सिस्टरनं ‘राहू द्या घरात’ म्हणून दिलेले. त्यांनी जखम पुसली, पंख मिटवून अंगाशी धरला आणि पट्टीचा पहिला वेढा घातला. मग दुसरा. मग पाय. हात आपोआप चालले होते. दोन वेढे, मधून एक आडवा, गाठ बाहेरच्या बाजूला म्हणजे रोग्याच्या बोटाला लागू नये. गाठ मारून झाली आणि नागोरावांनी आपल्याच हातांकडं पाहिलं. हीच गाठ. ऑगस्टात दिवसातून वीस-वीस वेळा मारलेली, खाटेच्या लोखंडी दांडीला.

फवाऱ्याचं हे साल ज्यांनी वॉर्डात काढलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. माणसं तोंडाला साधा रुमालही न बांधता दिवसभर आपल्या उंचीच्या पऱ्हाटीत फवारायची, वाऱ्यावरची दवाई नाकातोंडात जायची, आणि मग ऑटोत, टेम्पोत, कुणाच्या मोटारसायकलवर मधे बसून यायची. मारेगावकडून, मुकुटबनकडून, सगळीकडून. दाराशी आलेल्या नातेवाइकाचं वाक्य ठरलेलं: ‘दवाई पोटात गेली, हातपाय कापून राह्यले.’ मुद्दाम पिऊन आलेल्यांचे नातेवाईकही हेच वाक्य म्हणायचे, अगदी हेच. फरक फक्त ते कुठं पाहत म्हणायचे त्यात असायचा. यवतमाळात दवाई म्हणजे बरं करणारीही आणि मारणारीही, शब्द एकच, मेडिकलातली अन् कृषी केंद्रातली. बरं करणारी दवाई टोचली की माणसं भ्रमायची, खाटेवरून उठून पळायची, सलाइन उपटायची, म्हणून हात बांधायचे. बांधणारे नागोराव. त्यात एक श्रावण नावाचा होता, मुकुटबनकडचा, तिशीच्या आतबाहेरचा, दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारा. तो भ्रमला नव्हता. चांगला शुद्धीवर होता, पण ऑर्डर म्हणजे ऑर्डर. तो म्हणाला, “काका, नाक खाजून राह्यलं. एक हात सोडता का?” नागोराव म्हणाले, “आलो दोन मिंटात.” त्यांना सिलिंडर आणायला धाडलं होतं. सिलिंडर खालच्या मजल्यावर, लिफ्ट बंद, पुन्हा मधे आणखी एक टेम्पो दाराशी लागलेला. परत आले तेव्हा श्रावणच्या खाटेभोवती पडदा ओढला होता. हात त्यांनीच सोडले मग. सोडावेच लागतात. मनगटावर पट्टीचे वळ होते आणि नागोराव तिथं उभे राहून त्या माणसाच्या नाकाकडं पाहत राहिले. पस्तीस वर्षांत शेकडो माणसं डोळ्यांदेखत गेली, त्यांची नावं आठवत नाहीत, चेहरे आठवत नाहीत. हे एक नाक मात्र गेलं नाही. स्वतःच्या हातानं खाजवून द्यायला किती वेळ लागला असता? सिलिंडर तेवढं थांबलं नसतं का? दहा दिवसांनी त्यांना शाल आणि पुष्पगुच्छ मिळाला, साहेब चार शब्द चांगले बोलले, आणि घरी येऊन नागोरावांनी शाल घडी घालून ठेवून दिली.

आता मात्र काम होतं. वॉर्डात पोटात नळी घालून काळी पूड ढवळलेलं पाणी सोडायचे, कोळशाची, ती विष धरते म्हणे. ढोरांच्या दवाखान्याला आज कुलूप असणार, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी माळ्यावरून सत्यभामेची शेगडी काढली, तळातला कोळसा खलबत्त्यात कुटला, फडक्यानं गाळला, बगळा निसटू नये म्हणून बाथरूमची कडी आतून लावली, आणि इंजेक्शनच्या बिनसुईच्या पिचकारीनं थेंब थेंब बगळ्याच्या चोचीत सोडू लागले. चोच बोटांनी उघडायची, एक थेंब, थांबायचं, घशाची हालचाल पाहायची. आणि हे सगळं करताना ते मनातल्या मनात दीपाला सांगत होते. दर रविवारी दीपाचा फोन यायचा. जेवले का? जेवलो. बीपीची गोळी घेतली? घेतली. तिकडं पाऊस? आहे थोडा. मग दोघंही गप्प, आणि मग ती म्हणायची, ‘ठेवू मग?’ ती पोरगी वाईट नव्हती हो. आई गेल्यावर तिनं सतरांदा म्हटलं, पुण्याला चला. हेच म्हणाले, तिथं येऊन गॅलरीत उभा राहू काय? एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. मग तिनं म्हणणं सोडलं, आणि तिनं सोडलं याचंच यांना लागलं. माणसाचा स्वभाव असा उफराटा. पण आज सांगण्यासारखं काहीतरी होतं. ‘दीपा, सकाळी काय झालं माहीत आहे का? टिनावर धप्प वाजलं. पाहतो तं बगळा. पांढराशुभ्र. त्यानं मले चोच मारली, हे इथं, मनगटावर. तुही माय असती तं म्हणाली असती, तुमाले दुसरं काम नाही. अन् माहं पातळच भेटलं का तुमाले?’ असं ते सांगत गेले, बगळा कुठून आला, मारोतरावानं काल कसं फवारलं, डोळा कसा बारीक झाला, सगळं. तिकडून दीपा मनातच हसत होती, विचारत होती, ‘मग हो बाबा?’ उद्याच्या रविवारी हे सगळं सांगायचं, असं ठरवून त्यांनी पिचकारी पुन्हा भरली.

तेवढ्यात बगळ्याला झटका आला. मान मागं वळली, बांधलेले पाय ताठ झाले, घशातून किड्यांचा काळा लगदा आणि पाणी भडभड बाहेर आलं, आणि त्याच्याबरोबर तो वास, उग्र, लसणासारखा, वॉर्डाचा. त्या वासाची नागोरावांना किळस येत नव्हती आणि भीतीही वाटत नव्हती. भीती वाटत नाही हे काही बरं नव्हतं, हे त्यांचं त्यांना कळत होतं. पण बगळा मरतोय हे मात्र त्यांना सोसेना. हा मेला तर काय, असं ते स्वतःला म्हणून पाहू लागले आणि ते म्हणता येईना. काही करून हा वाचला पाहिजे, हा एक. त्यांनी खिशातून फोन काढला, भरल्या हातानं दीपाचं बटण दाबलं आणि फोन खांदा अन् कानाच्या मधे धरला.

“बाबा? आज कसा काय फोन?” दीपा म्हणाली.

“दवाई पोटात गेली वं, दीपा. हातपाय कापून राह्यले. लाळ चालली तोंडातून. मले नाही वाटत आता काही खरं आहे म्हणून.”

“बाबा? बाबा, काय म्हणता? कोणी—”

बगळ्यानं उसळी घेतली, नागोराव त्याला सावरायला वाकले, आणि खांद्यावरचा फोन सुटून सरळ बादलीत गेला. बुडबुडे आले दोन. “जा तिच्या मायले,” नागोराव म्हणाले आणि बादली पायानं बाजूला सरकवली. आता घ्या! सगळी सकाळ मनात तिला सांगत होते ना, तेव्हा बगळ्याचं सांगून झालंच होतं त्यांच्या लेखी. पुढचं तेवढं बोलले. आणि बगळ्याला हात कुठले? पण पस्तीस वर्षं जे वाक्य दाराशी ऐकलं तेच तोंडावाटे गेलं, जसंच्या तसं. दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झालेली पोरगी ती. तिनंही ते वाक्य आईच्या दुधाबरोबर ऐकलेलं. आपण काय बोललो हे नागोरावांना कळायला अजून पाऊण तास होता.

बगळा निपचित पडला होता, पण घशाशी धुकधुक होती. एक डोळा उघडा होता आणि तो नागोरावांकडंच पाहत असल्यासारखा होता. त्यांनी त्याच्या चोचीवरची घाण पुसली. मग बसून राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की बगळा मान पुन्हा पुन्हा पंखाकडं नेतोय, पट्टीकडं, आणि चोच अर्ध्यात पोहोचून परत पडतेय. काही खुपत असेल, खाजत असेल, कोण जाणे पाखराला काय होतं. पट्टी ठेवायला पाहिजे होती. पंख मोकळा सोडला की फडफड करणार, फडफड केली की जखम उघडणार, हे काय त्यांना कळत नव्हतं? वॉर्डबॉय असले म्हणून काय झालं, अर्धे डॉक्टर होते ते. तरी त्यांनी गाठ सोडली. आधी पायांची, मग पंखाची. “घे बा,” ते म्हणाले, “घे. खाजव.” बगळ्यानं पंख थोडा उलगडला, चोच त्यात खुपसली, आणि दोन-तीनदा, अगदी हळू, पिसं नीट केली. नागोरावांच्या डोळ्यांना पाणी आलं. एवढ्याशा गोष्टीनं आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही, बाथरूममध्ये कोण पाहतंय. मग ते दुसऱ्या, उपड्या बादलीवर बसून राहिले. किती वेळ कोण जाणे. झरोक्यातला उजेडाचा तुकडा फरशीवरून नळाच्या तोटीपाशी आला. मधेच त्यांना वाटलं की सत्यभामा स्वयंपाकघरात आहे. मधेच वाटलं की आपण ड्युटीवर आहोत आणि पाळी बदलायची आहे. बगळा खुरडत खुरडत दाराच्या कोपऱ्यात गेला आणि तिथं भिंतीशी पोट टेकून बसला. आणि मग त्यांनी पाहिलं की त्याची बोटं उलगडलीत. त्यानं एक पाय रोवला. मग दुसरा. लटपटला, भिंतीला टेकला, आणि उभा राहिला. मान लांब करून, एकदम ताठ, शेतात उभा असतो तसा.

नागोरावांनी श्वास रोखून धरला. नेमकं तेव्हाच पुढच्या दारावर कुणीतरी धाडधाड हाणायला लागलं.

“भाऊ! ओ नागोरावभाऊ!” हा आवाज शकुबाईंचा, मारोतरावांच्या बायकोचा. “भाऊ, दार उघडा ना हो!”

नागोराव गप्प बसले. सोनं द्यायला आल्या असतील, आपट्याची पानं. ती संध्याकाळीही देता येतात. आता तोंडातून ब्र काढला तरी हा बिचकेल. त्यांनी बगळ्याकडं पाहत बोट ओठावर ठेवलं, जसं काही त्यालाच सांगतायत. बाहेर आवाज वाढले. मारोतराव ओरडत होते, “मागून जा, मागून!” कुणाची तरी गाडी करकचून थांबली. मागच्या दाराला कडी नव्हतीच. चपलांचे आवाज घरात शिरले, खोल्यांतून फिरले. “इथं नाहीत. खाटेवर नाहीत.” “वास येऊन राह्यला, पाहा. दवाईचाच वास आहे.” “माय वं माय! बाथरूम बंद आहे हो आतून!” आता बोललं पाहिजे, असं नागोरावांना वाटलं. वाटलं, आणि ते उठलेही, पण बगळ्यानं मान आत ओढून घेतली होती आणि तो पुन्हा कापू लागला होता, म्हणून ते कुजबुजले, “थांबा, थांबा जराशे,” आणि ते कुजबुजणं बाहेर कुणाला कण्हण्यासारखं ऐकू आलं. “जित्ते आहेत! तोडा दार!” फायबरचं दार ते. मारोतरावांनी खांद्याची एकच धडक दिली. दार कडीसकट उखडून आत आलं आणि दाराच्या कोपऱ्यात भिंतीशी जो उभा होता त्याच्यावर, सगळ्या जोरानिशी, आदळलं.

त्यानंतरचं सगळं भरभर झालं. मारोतरावांनी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. नागोराव ‘थांबा, थो आतमधी’ म्हणतायत, पण कोण ऐकतं! हाताला काळं, सदऱ्यावर काळं, अंगाला तो वास, डोळे लाल. शकुबाईंनी तांब्याभर मिठाचं पाणी तयारच ठेवलं होतं. एकानं नाक दाबलं, एकानं हात धरले, आणि ते खारट पाणी घशात ओतलं. नागोराव गुदमरले, ठसकले, अंगणात ओकले. सकाळचा चहा अन् टोस्ट बाहेर आले. “निघू द्या, सारं निघू द्या,” शकुबाई पाठीवर हात फिरवत रडत होत्या. “असं काहून केलं हो भाऊ? आम्ही मेलतो का सारे?” तेवढ्यात देवीलाल धावत आला. दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर, वीस वर्षांचा सोबती. त्यानं नागोरावांची हनुवटी धरली, मोबाइलचा टॉर्च डोळ्यात मारला, एकदा, दोनदा, आणि मग टॉर्च बंद केला.

“बाहुली तं चांगली आहे,” देवीलाल म्हणाला. “नागोराव, काय पेले तुम्ही?”

“मी कायले पिऊ?” नागोराव ओरडले. घोगरा आवाज फाटलाच. “बगळा पेला! बगळा! आतमधी आहे थो, कोणी पाहा तरी!”

पाहायला शेवटी नागोरावच गेले. दार बाजूला केलं. मग त्याला पातळात घेऊन ते बाहेर आले आणि ओट्यावर बसले. मान एका बाजूला लोंबत होती, पाय अजून गरम होते. “उभा राह्यलता,” नागोराव म्हणाले. “आत्ता उभा राह्यलता थो. वाचलता. तुम्ही मारला त्याले.” मारोतराव भल्या मनाचा माणूस, तो खांदा चोळत उभा होता, दसऱ्याचा नवा सदरा फाटला होता. “भाऊ, तुमच्या पोरीचा फोन आला जी. कव्हाची लावून राह्यलती, पूजेत ऐकूच नाही आला. म्हणे बाबानं दवाई पेली. मी काय करू मंग? पाटावरून उठलो अन् पळत आलो.” तेव्हा त्यांना आपलं वाक्य ऐकू आलं. शब्दन् शब्द, दीपाच्या कानानं. मग देवीलालला हसू फुटलं, त्यानं दाबलं, पुन्हा फुटलं, आणि मारोतरावही हसायला लागले, आणि शकुबाई डोळे पुसत “बगळा, बाप्पा बाप्पा!” म्हणत चहा ठेवायला नागोरावांच्याच स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. देवीलालनं आपल्या फोनवरून दीपाचा नंबर लावला, “नाही नाही, ठीक आहेत, एकदम ठीक, तूच बोल,” म्हणाला आणि फोन नागोरावांच्या हातात दिला.

“बाबा?”

“हाव.”

पलीकडून नुसतं रडणं आलं, बराच वेळ. नागोरावांनी ते पूर्ण होऊ दिलं.

“मी नाही पेलो वं,” ते म्हणाले. “बगळा होता. मारोतरावाच्या वावरात किडे खाल्ले त्यानं. मी तुले बगळ्याचंच सांगून राह्यलतो.”

“बगळा?”

“हाव. पांढरा.”

“हातपाय कापून राह्यले म्हणाले तुम्ही. बगळ्याला हात असतात का, बाबा?” ती रडता रडता हसली, नाक ओढलं. नागोरावही थोडं हसले. मग ती म्हणाली, “मेला का तो?”

“मेला.”

दोघंही गप्प झाली. रविवारसारखंच. आता ती ‘ठेवू मग’ म्हणेल, असं त्यांना वाटलं, आणि फोन ठेवायची त्यांनी मनाशी तयारीही केली.

“बाबा, एक सांगू?” दीपाचा आवाज अगदी बारीक झाला होता. पुण्यात राहून ती चांगलं शहरी मराठी बोलायची. आता ते राहिलं नव्हतं. “तुम्ही म्हटलं अन् मले लगेच खरं वाटलं. माहे बाबा असं करणार नाहीत, असं एकदाही मनात नाही आलं माह्या. एकदाही नाही. नंबर लावता लावता मी तेच पाहत होती, की मले नवल काहून नाही वाटून राह्यलं.”

नागोरावांनी पातळाचं टोक बगळ्याच्या मानेवर ओढून घेतलं.

“मनात येते का बाबा तसं?”

“भाऊ, साखर कुठं ठेवता?” शकुबाईंनी आतून विचारलं.

“वरच्या फळीवर,” नागोराव म्हणाले. “लाल डब्यात.” देवीलाल आणि मारोतराव उखडलेलं दार भिंतीला टेकवून त्याच्या बिजागऱ्या पाहत होते, कुठला मिस्त्री बोलवावा याचं बोलत होते. मांडीवर पातळातलं ते वजन होतं, वजन कसलं, काहीच नव्हतं. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. जेवले का? जेवलो. गोळी घेतली? घेतली. त्याच चालीवर ‘नाही’ म्हणायचं, की पोरगी सुटली, आपण सुटलो. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“येते,” ते म्हणाले. “दुपारी दुपारी येते.”

पलीकडे काही ऐकू आलं नाही. फोन कटला की काय म्हणून त्यांनी कानापासून काढून पाहिला. आकडे चालू होते. त्यांनी तो पुन्हा कानाला लावला.

“मी येते बाबा,” दीपा म्हणाली. “आजच निघते.”